साखळीची लांबी

लांबच्या प्रवासाचे सामान बांधताना प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष यादी करणाऱ्यांचा, दुसरा आठवेल तसे भरत जाणाऱ्यांचा. सांगलीचे अण्णा पहिल्या पक्षाचे. पाटबंधारे खात्यात उभी हयात हिशेबात घालवलेल्या या गृहस्थांनी प्रवासाच्या आठ दिवस आधीच वहीच्या शेवटच्या पानावर सामानाचे नग लिहून काढले होते. माईंचा पक्ष दुसरा. बॅगेची चेन लावून झाली की त्यांना हमखास काहीतरी आठवे आणि बॅग पुन्हा उघडावी लागे. धाकटी लेक जावयाच्या नोकरीमुळे कोलकात्याला स्थायिक झालेली. तिच्याकडे दोन महिने राहायला जायचे होते. सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून थेट हावड्याला. संध्याकाळी सुटणारी गाडी दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस धावून पहाटेच्या अंधारात पोहोचवते. मुलांनी विमानाचे सुचवले होते. परंतु अण्णांना खिडकीतून दिसणारा देश पाहायचा होता, आणि माईंना पाच किलो हळद न्यायची होती.

हळदीबरोबर बेदाणे आले, बेदाण्यांबरोबर भडंग आले, सांडगे, पापड आणि मेतकूट आले. अण्णांनी ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅगा ठेवून पाहिल्या. मोठी चाकांची बॅग २२ किलो, मधली १६ किलो. शयनयान वर्गात प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, आणि शुल्क भरून ८० किलोपर्यंत. साध्या द्वितीय वर्गाला ३५ किलो, वातानुकूलित त्रिस्तरीयला ४०, द्विस्तरीयला ५० आणि प्रथम वर्गाला ७० किलोची सवलत आहे. पेटी डब्यात न्यायची तर तिचे मापही ठरलेले आहे: लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि उंची २५. त्याहून मोठी असेल तर ती नोंदवून, पावती घेऊन सामानाच्या डब्यात द्यावी लागते. उंचीचा हा २५ सेंटिमीटरचा आकडा वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण बर्थच्या खाली वाकून बॅग सरकवू पाहणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. अलीकडच्या चाकांच्या उंच बॅगा उभ्या राहत नाहीत, त्या आडव्याच घालाव्या लागतात.

वजनाचा प्रश्न असा सुटला. खरा प्रश्न वजनाचा नव्हताच. तो चार तोळ्यांचा होता.

माईंच्या सासूबाईंच्या पाटल्या लेकीच्या वाट्याला आल्या होत्या. वाटणी होऊन सात वर्षे झाली, तरी त्या अद्याप माईंच्या कपाटातच होत्या. दर सुट्टीत लेक यायची आणि "राहू दे, पुढच्या वेळी नेईन" म्हणून परत जायची. वर्षभरापूर्वी माईंचे हृदयाचे दुखणे निघाले. तेव्हापासून एकच ध्यास त्यांनी घेतला होता: या पाटल्या आपल्या हाताने तिच्या हातात घालायच्या. थोरला मुलगा म्हणाला, "रेल्वेत सोने नेणे शहाणपणाचे नाही." तो चुकीचे बोलत नव्हता. माईंनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि जुन्या सुती साडीच्या काठाचा एक कसा शिवायला घेतला.

अण्णांचे मत निराळे होते. त्यांनी लोखंडी सामानाच्या दुकानातून तीन फुटांची पोलादी साखळी आणि दोन किल्ल्यांचे कुलूप आणले होते. पाटल्या हळदीच्या डब्यात, डबा मोठ्या बॅगेच्या तळाशी, बॅग बर्थखालच्या कडीला साखळीने बांधलेली, अशी त्यांची योजना. माईंचा त्यावर एकच आक्षेप होता. "तुम्ही बॅग बांधाल. पण बॅगेत काय आहे ते मला ठाऊक असेल ना? मग मला झोप कशी यायची?"

या एका वाक्यात सामानाच्या सुरक्षिततेचे निम्मे शास्त्र आले. साखळी चोरी अशक्य करीत नाही, ती फक्त वेळ लावते. गाडी स्थानकावर दोन मिनिटे थांबते तेवढ्यात बॅग उचलून उतरणाऱ्याला वेळच परवडत नसतो. साखळी दिसली की तो पुढे जातो. बर्थखाली कड्या बसवलेल्या असतात त्या यासाठीच. परंतु ती साखळी नीट बांधावी लागते. ओढायच्या मुठीतून नव्हे, तर बॅगेच्या अंगाला पक्क्या शिवलेल्या मुठीतून साखळी गेली पाहिजे. बॅगेची मूठ वाटेकडे न ठेवता भिंतीकडे ठेवावी. चेनला नुसते कुलूप लावणे पुरेसे नसते. साध्या बॉलपेनच्या टोकाने चेनचे दात विलग होतात, आणि तिचे पट्टे पुन्हा फिरवले की ती जशीच्या तशी मिटते. बॅग उघडली गेली होती याचा मागमूसही राहत नाही. म्हणून चेनचे पट्टे कुलपाने मुठीलाच जखडून टाकावेत, म्हणजे ते मागेपुढे फिरवता येत नाहीत. आणि इतके सगळे करूनही जे गेले तर भरून येणार नाही, ते बॅगेत नसावेच. ते अंगावर असावे. बांधून ठेवायची वस्तू आणि जवळ बाळगायची वस्तू या दोन याद्या निरनिराळ्या असतात, आणि त्या घरी बसूनच कराव्या लागतात.

अखेर तसेच झाले. पाटल्या कशात गेल्या, कसा माईंच्या कमरेला आतल्या बाजूने बांधला गेला. अण्णांची औषधे, तिकिटाचा कागद, आधारपत्रे आणि चष्मा एका छोट्या गळ्यातल्या पिशवीत गेले. मोठ्या बॅगेत हळद, बेदाणे आणि लेकीसाठी घेतलेल्या साड्या, मधल्या बॅगेत दोघांचे कपडे. खाण्याची पिशवी वेगळी. दिवसाउजेडी जेवून घेण्याची घरची रीत असल्यामुळे ती सहज हाताशी येईल अशी ठेवावी लागे. एकूण नग पाच. प्रत्येक बॅगेच्या आत आणि बाहेर नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी अण्णांनी घातली. बाहेरची चिठ्ठी फाटली तरी आतली राहते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही अण्णांनी वाचून ठेवले होते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १०० स्पष्ट आहे. रेल्वे कर्मचाऱ्याने सामान नोंदवून पावती दिली असेल, तरच त्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशाने स्वतःच्या ताब्यात ठेवलेले सामान गेले, तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. २०२३ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. त्या प्रवाशाची एक लाख रुपयांची रोकड झोपेत चोरीला गेली होती, आणि ती बॅगेत नव्हती, कमरेच्या पट्ट्यात बांधलेली होती. जो प्रवासी स्वतःच्या वस्तूंचे रक्षण करू शकला नाही, त्याच्या चोरीला रेल्वेची सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कमरेचा उल्लेख असलेली ही बातमी अण्णांनी माईंना वाचून दाखवली नाही.

त्यांच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न असा पडत नसे. त्या काळी सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि वळकटी. होल्डॉलची ती जाड वळकटी लाकडी फळ्यांच्या बाकावर उलगडायची आणि तिच्यावरच झोपायचे. निम्मे सामान अंगाखालीच असे. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांची गादी आणली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सामान्य माणसाची पाठ त्यामुळे सुखावली. त्याबरोबर होल्डॉलची गरजही हळूहळू सरली, आणि सामान अंगाखालून बर्थखाली गेले. झोप मऊ झाली आणि सामान नजरेआड झाले.

पुण्याला गाडी फलाटावर लागली तेव्हा अण्णांनी पहिल्या नगापासून पाचव्यापर्यंत मोजून सामान चढवले. वयोमानाप्रमाणे दोघांनाही समोरासमोरचे खालचे बर्थ मिळाले होते. अण्णांनी खाली वाकून पाहिले, तर त्यांच्या बर्थच्या पोटात आधीच एक धुळकट ताडपत्रीची पिशवी होती. चांगली फुगलेली, दोरीने करकचून आवळलेली. ती वरच्या बर्थवरच्या तरुणाची होती. सावळा, सडपातळ, पंचविशीतला असावा. हातांना सिमेंटने पडलेल्या भेगा होत्या.

"ही वर घे बाबा. इथे आमचे सामान यायचे आहे," अण्णा म्हणाले.

"काका, वर नाही मावत. वजनाची आहे," तो म्हणाला. त्याचे मराठी मोडके नव्हते, पण त्याला दुसऱ्याच भाषेची चाल होती.

अण्णांना राग आला. परंतु नियमाच्या माणसाला नियम आठवला. कप्प्यात समोरासमोर सहा बर्थ असतात आणि वाटेपलीकडे बाजूचे दोन. सहा जणांचे सामान दोन खालच्या बर्थच्या पोटातच जाते, कारण मधल्या आणि वरच्या बर्थला पोटच नसते. खालचा बर्थ आपल्या नावावर असला, तरी त्याखालची जागा एकट्याची नसते. ती तिघांची असते. मुकाट्याने त्यांनी ती पिशवी वाटेच्या बाजूला सरकवली, आपल्या दोन्ही बॅगा भिंतीकडे घातल्या, साखळी कडीतून आणि मुठींतून ओवली आणि कुलूप लावले. एक किल्ली आपल्या जानव्यासारख्या गळ्यात घातलेल्या दोऱ्याला, दुसरी माईंच्या मंगळसूत्राशेजारच्या पिनेला. तरुण वरून हे सारे पाहत होता.

रात्री दहाला मधले बर्थ उघडले गेले. दिवसा सर्वांनी खाली बसायचे आणि रात्री दहा ते सकाळी सहा झोपायचे, अशी रेल्वेची वेळ आहे. दिवे मालवले गेले, निळा दिवा राहिला. माईंनी खिडकीची झडप पाडून घेतली, डोके खिडकीपासून दूर ठेवले आणि एक हात कमरेवर ठेवून डोळे मिटले. अण्णा मात्र मनमाडला जागे झाले. गाडी थांबल्याचा धक्का बसताच त्यांनी मान बर्थबाहेर काढून खाली पाहिले. साखळी होती. वर पाहिले, तर वरच्या बर्थवरून तो तरुणही वाकून खालीच पाहत होता. दोघांची नजरानजर झाली. दोघेही काही न बोलता मागे सरले. भुसावळला तेच झाले. अकोल्याला पुन्हा तेच. त्या रात्री अण्णांच्या मनात एकच विचार घोळत होता: हा सारखा आमच्या बॅगांकडे का पाहतो? आपणही तितक्याच वेळा त्याच्या पिशवीकडे पाहिले आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला सकाळ उजाडावी लागली.

नागपूरला गाडी बराच वेळ थांबते. तरुण वरून उतरला, रिकाम्या बाटल्या हातात घेतल्या आणि घुटमळला. मग अण्णांकडे न पाहता तो माईंना म्हणाला, "काकू, जरा माझ्या पिशवीकडे लक्ष ठेवाल? पाणी भरून येतो."

माईंनी मान डोलावली. तो परत येईपर्यंत त्या पिशवीवरून नजर न हलवता बसल्या. कमरेला चार तोळे सोने असलेली ती बाई एका अनोळखी माणसाच्या धुळकट पिशवीची राखण करीत होती. तो आला तेव्हा त्यांनी विचारले, "एवढे काय आहे रे त्यात?"

पिशवीत फरशी कापायचे यंत्र होते. शिवाय थापी, ओळंबा, गुण्या, रबरी हातोडा. तो मेदिनीपूरकडचा, पुण्यात सहा वर्षे फरशी बसवायचे काम करीत होता. आधी ठेकेदाराच्या यंत्रावर काम करायचा. आता स्वतःचे घेतले होते. गावी धाकट्या भावाला काम शिकवायचे आणि दोघांनी मिळून घराघरांत कामे धरायची, असा बेत होता. यंत्र गेले असते तर तो पुन्हा ठेकेदाराकडे रोजंदारीवर गेला असता. कपडे त्याने उशाशी एका छोट्या पिशवीत ठेवले होते, आणि झोपताना तिचा पट्टा पायात अडकवला होता. मोबाइल आणि पैसे सदऱ्याच्या आतल्या खिशात. मौल्यवान वस्तू अंगावर, जड वस्तू खाली. त्याचीही यादी झालेली होती. फक्त त्याच्याकडे साखळी नव्हती.

माईंनी भडंगाचा डबा पुढे केला. तो संकोचून हसला आणि हात जोडून नको म्हणाला. "घरी आईने सांगितले आहे, गाडीत कोणाचे काही खायचे नाही." अण्णांना त्याचा राग यायचा, पण झाले उलटेच. गुंगीचे औषध घातलेले खाद्य देऊन प्रवाशांना लुटण्याचे प्रकार ठाऊक असलेल्या माणसाला हा नकार फार ओळखीचा वाटला. त्यांनीही आपल्या मुलांना हेच शिकवले होते. दोन्ही घरांतली शिकवण सारखीच आहे, एवढाच बोध झाला, आणि तो भडंगापेक्षा अधिक उपयोगी पडला.

गोंदिया, दुर्ग, रायपूर मागे पडले. दुपारच्या जेवणानंतर डब्याला सुस्ती आली. चोरी रात्रीच होते हा एक मोठा गैरसमज आहे. जेवणानंतरची डुलकी आणि फलाटावरची गर्दी या दोन गोष्टी एकत्र आल्या की दिवसाही तेच घडते. बिलासपूर सोडल्यावर पुढच्या कप्प्यात गलका झाला. एका बाईंची खांद्याची पिशवी नाहीशी झाली होती. त्यांनी ती वाटेकडच्या हुकाला अडकवली होती, कारण तिथे ती सारखी डोळ्यांसमोर राहील असे त्यांना वाटले. डोळे मिटले तेव्हा ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातासमोर राहिली. पिशवीत मोबाइल, थोडे पैसे आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

कोणी म्हणाले साखळी ओढा, कोणी म्हणाले आता काय उपयोग. अण्णा उठले. त्यांनी आपल्या फोनवरून १३९ क्रमांक लावला, गाडी क्रमांक, डब्याचा आणि बर्थचा क्रमांक सांगितला आणि पिशवीचे वर्णन दिले. तिकीट तपासनीस आले. धावत्या गाडीत तक्रार नोंदवण्याचा छापील अर्ज तपासनीस, गार्ड किंवा गाडीबरोबरच्या पोलिसांकडे असतो. तो भरून दिला की पुढच्या ठाण्याकडे जातो, त्यासाठी मधल्या स्थानकावर उतरून प्रवास मोडावा लागत नाही. पिशवीत काय काय होते, हे त्या बाईंना भराभर आठवेना. त्या रडत होत्या. माईंनी त्यांच्याजवळ बसून एकेक वस्तू विचारून घेतली आणि अण्णांनी ती अर्जावर लिहिली. सामानाचे एखादे छायाचित्र फोनमध्ये असते तर हे काम सोपे झाले असते. पण त्यांचा फोनच गेला होता. रेल्वे सुरक्षा दलाची 'ऑपरेशन अमानत' नावाची एक मोहीम आहे. सापडलेल्या बॅगा तिच्यामार्फत मालकांना परत केल्या जातात. मात्र मुद्दाम चोरलेली वस्तू आणि विसरलेली वस्तू यांत फरक असतो, हे अण्णांना ठाऊक होते. त्यांनी बाईंना आशा दाखवली नाही. अर्जाची प्रत जपून ठेवायला सांगितले आणि रक्तदाबाच्या गोळीचे नाव लिहून घेऊन ते डब्यात फिरले. चौथ्या कप्प्यात एका सद्गृहस्थांकडे तीच गोळी निघाली. दोन दिवसांपुरती सोय झाली.

माई जागेवर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. रात्र यायची होती. त्यांचा हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता. अण्णांनी ते पाहिले आणि हळूच सांगितले, "हात तिथे ठेवू नकोस. हात जिथे जातो तिथे काय आहे, ते बघणाऱ्याला कळते." माईंनी हात मांडीवर घेतला. पण मन कुठे घेऊन ठेवायचे?

झारसुगुडा गेले, राउरकेला आले. रात्रीची तयारी सुरू झाली. तरुण आपल्या पिशवीची दोरी पुन्हा आवळत होता. पिशवी वाटेच्या बाजूलाच होती, आणि दुपारच्या प्रकारानंतर तोही अस्वस्थ दिसत होता. अण्णांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडले आणि साखळी हातात घेतली. "तुझी पिशवी आत सरकव. यातूनच ओवू."

साखळी तीन फुटांची. दोन बॅगांच्या मुठींतून आणि कडीतून जाताना तीच पुरी पडत नव्हती, तिसरीची बात कुठे! अण्णांनी ती ताणून पाहिली, बॅगा जवळ घेऊन पाहिल्या. कडी, मोठी बॅग आणि ताडपत्रीची पिशवी एवढेच जमत होते. मधली बॅग बाहेर राहत होती. क्षणभर ते थांबले. मग त्यांनी मधली बॅग ओढून काढली आणि माईंच्या पायाशी ठेवली. "कपडेच तर आहेत," ते म्हणाले. माईंनी कपड्यांच्या बॅगेवर पाय ठेवले. तरुणाने आपल्या पिशवीचे दोन्ही पट्टे साखळीत अडकवून दिले.

आता एक अडचण उरली. तरुणाला खरगपूरला उतरायचे होते, म्हणजे मध्यरात्रीनंतर, सगळे गाढ झोपेत असताना. कुलूप अण्णांचे, किल्ली अण्णांच्या गळ्यात. त्याला उतरायचे तर अण्णांना उठवावे लागणार, आणि अण्णांनी ते उघडल्याशिवाय त्याला जाता येणार नाही. दोघांनीही हा विचार एकाच वेळी केला असावा. "मी उठवतो तुम्हाला," तरुण म्हणाला. "मला झोप लागली तरी हलवून उठव," अण्णा म्हणाले. यापलीकडे काही ठरले नाही. ठरवण्याची गरजही नव्हती. त्याची उद्याची कामे आणि यांच्या लेकीच्या साड्या एकाच कडीला बांधल्या गेल्या होत्या.

त्या रात्री टाटानगरला गाडी थांबली तेव्हा अण्णांना जाग आली. त्यांनी सवयीने खाली पाहिले. मग वर पाहिले. वरच्या बर्थवरचा तरुण भिंतीकडे तोंड करून झोपला होता. समोर माई झोपल्या होत्या. दोन्ही हात चादरीबाहेर, उशीजवळ, उघडे. अण्णा बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिले. गेल्या रात्री ते हात चादरीबाहेर आले नव्हते.

खरगपूर यायच्या थोडे आधी तरुणाने त्यांच्या खांद्याला हात लावला. अण्णांनी मोबाइलच्या उजेडात कुलूप उघडले. तरुणाने पिशवी खांद्यावर घेतली, अण्णांनी साखळी पुन्हा मोठ्या बॅगेभोवती आवळली. "काका, आता झोपू नका. दोन तासांत हावडा," तो कुजबुजला. माई जाग्या झाल्या होत्या. उतरताना तो त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आता भडंग द्या. घरी जाऊन खाईन." माईंनी अंधारातच डबा चाचपला आणि कागदाच्या पुड्यात दोन मुठी बांधून दिल्या.

हावड्याला पहाटेच्या फलाटावर गर्दी होतीच. लाल सदऱ्यातल्या हमालाच्या दंडावरच्या पितळी बिल्ल्याचा क्रमांक अण्णांनी आधी पाहून घेतला आणि मगच सामान त्याच्या स्वाधीन केले. एक, दोन, तीन, चार, पाच. नग बरोबर होते. कमी झाली होती ती फक्त माईंची डाव्या पायाची चप्पल. बर्थखाली सरकत सरकत ती कोणत्या कप्प्यात गेली, ते शेवटपर्यंत कळले नाही. एक चप्पल घातलेल्या आईला पाहून लेक हसली. घरी पोहोचल्यावर, चहाही होण्याआधी, माईंनी आतल्या खोलीत जाऊन कसा सोडला आणि पाटल्या तिच्या हातात घातल्या. लेकीने या वेळी "राहू दे" म्हटले नाही.

दोन महिन्यांनी परतीच्या तयारीला लागताना अण्णांनी पुन्हा यादी केली. नग चारच होते. हळद, बेदाणे आणि पाटल्या आता परत यायच्या नव्हत्या. मोठी बॅग निम्मी रिकामी होती. साखळीची तशी गरज उरली नव्हती, असे लेकीला वाटले. पण अण्णा जावयाबरोबर बाजारात जाऊन आले, आणि त्यांनी जुन्या तीन फुटांच्या साखळीऐवजी सहा फुटांची आणली. जावयाने विचारले, "अण्णा, सामान तर कमी झाले. मग साखळी एवढी मोठी कशाला?"

"खालच्या बर्थखाली तिघांचे सामान असते," अण्णा म्हणाले, आणि यादीत त्यांनी साखळीपुढे सहा फूट असे लिहून ठेवले.